टाके

पुस्तकाला कव्हर नाही.
मंडळाच्या कपाटात, उदबत्त्यांच्या खोक्यामागे सापडलं.
नाव कुणालाच आठवत नाही,
गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक:
तांडेल गलबत घेऊन मोत्यांच्या मुलखात जातो,
सात वर्षांनी परततो.
नववीला उतारा होता आम्हाला.
'नायकाची विरहवेदना तुमच्या शब्दांत लिहा.' गुण पाच.
मी पाचही मिळवले होते.

त्याची बायको द्वारकी.
पान एकशे बारावर येते,
दारात उभी राहते, कंदील वर करते.
'तिच्या नेत्रांत सागर दाटला होता' असं छापलंय,
आणि शेजारच्या पानावर तांडेल घरी पोचलेलासुद्धा.
सात वर्षं
छापखान्यात सांडली असावीत.

मी त्याच तांडेलाच्या बंदरात, मुहर्रकला.
गल्लीच्या टोकाला अबायांचं दुकान,
तीन मशीन, तीन बायका, एसीखाली बादली.
काळ्यावर काळा दोरा:
चूक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते.
जेवणाच्या सुट्टीत खणातून पुस्तक काढते
आणि समासात लिहिते, शिंप्याच्या खडूने,
फुंकर मारली तर उडेल अशा अक्षरात:

कंदील मी त्याच्यासाठी वर केला नव्हता.
गोठ्यात पाडी अडली होती,
वैदूला पायवाट दाखवत होते.
सात वर्षांत दोनदा घर शाकारलं,
सासऱ्यांना खांदा द्यायला माणसं गोळा केली,
खोताशी भांडून माडांची हद्द तीन हात पुढे नेली.
रडलेही.
काम उरकल्यावर,
आणि दर वेळी त्याच्याच नावाने नाही.

सुमनावतीला मोडक्या हिंदीत हे सांगितलं.
सुई दातात धरून तिने विचारलं,
आणि ती इथली?

इथलीही एक आहे.
पान एकशे तीस, धक्क्यावर बुरख्यातली बाई,
'मोत्यांसारखे डोळे.'
नाव नाही. एकशे एकतीसवर ती नाहीच.

मालकीण उम्म जासिम हसली.
मोत्यांसारखे म्हणजे आंधळेच की,
माझ्या डोळ्यांत होते तसले, मागच्या वर्षी काढून टाकले.
मग म्हणाली, माझी आजी सांगायची,
मोसम सरला आणि होड्या आल्या नाहीत
की बायका किनाऱ्यावर जायच्या,
पेटत्या झावळ्या पाण्यात खुपसायच्या,
समुद्राला डाग द्यायच्या.
भाजलं की सोडतो तो माणसं.

हे लिहिता लिहिता खडू संपला.

रात्री हर्णैहून फोन.
रमाकांत दारात उभा असतो, रेंज तिथेच येते.
मुलीची फी भरली म्हणतो,
भाकरी आता गोल होते म्हणतो,
केव्हा येतेस, ते सगळ्यात शेवटी.
त्याच्या नेत्रांत काय दाटलंय
मला दिसत नाही, व्हिडिओ अडकतो.
दारातल्या माझ्या नवऱ्यावर
कुठल्या परीक्षेत प्रश्न येणार नाही.

माझं नाव प्रतीक्षा.
अरबीत प नाही.
उम्म जासिम मला ब्रतीक्षा म्हणते,
आणि वाट पाहणं
त्या एका अक्षराबरोबर गळून पडतं.
पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करायचे.

शुक्रवारी सुट्टी.
खडूच्या अक्षरांवरून पेन्सिल फिरवली,
उसवायच्या आकडीने पुस्तकाची शिवण काढली,
पानं सुटी केली.
एकशे बारा सगळ्यात वर.
मग एकशे तीस.
तांडेल पुढे कुठेतरी येईल, त्याची त्याला वाट माहीत आहे.
जाड सुई, दुहेरी काळा दोरा,
अबायाच्या घेराला घालते तसले टाके.

पुस्तक आता धड मिटत नाही.
तसंच मंडळात नेऊन ठेवलं,
खोक्याच्या पुढे.